खिसेवाली मशीन

अमरावतीत भागीरथाबाई तेलगोट्यांकडे पहिल्यांदाच ब्लाउज टाकायला आलेली बाई आधी भिंतीकडे बघते. तिथे अकरा मशिनी ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीला कमरेच्या वर येणारा दांडा, खाली जड ॲल्युमिनियमचं डोकं, डोक्याच्या पोटात फिरता ब्रश आणि दांड्याला लटकलेली लांब कापडी पिशवी. कुणाला तो फवारणीचा पंप वाटतो, कुणाला गवत कापायचं यंत्र. एका नवरीच्या मावशीनं तर विचारलं होतं, "तुमचे मालक दवाखान्यात होते काय वं, बाई?"

भागीरथाबाई गळ्यातली मापाची फीत सारखी करत शांतपणे सांगतात, "व्हॅक्यूम क्लीनर हायत. विजेचे झाडू. हे डाव्या हाताचं सगळ्यात जुनं, माह्या सासऱ्याच्या जन्माच्या आधीचं. हात लावला तं चालते, पण पिशवी ओढू नका."

एवढं सांगून त्या माप घ्यायला लागतात. पण त्या चार वाक्यांत त्यांचा आवाज किंचित चढलेला असतो, आणि ते त्यांच्या नवऱ्याला, देवमनजींना, आतल्या खोलीतूनही बरोबर कळतं.

देवमनजींचं बडनेरा रोडला मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची, पिठाच्या गिरणीची, कुलरची जळालेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार उसवून ते नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचे. भागीरथाबाई दर्यापूरकडच्या खेड्यातून एक्याऐंशी साली लग्न होऊन आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. शिवणकाम त्या इथे येऊन शिकल्या, आणि वर्षभरात अशा शिकल्या की शेजारच्या दोन गल्ल्यांतले ब्लाउज त्यांच्याकडे यायला लागले.

चौऱ्याण्णव साली शहरातल्या एका जुन्या टॉकीजच्या मॅनेजरनं देवमनजींच्या दुकानात एक अजब मशीन आणून टाकली. टॉकीजच्या बाल्कनीत लाल गालिचा होता, आणि तो साफ करायला कुण्या जुन्या मालकानं ही मशीन घेतली होती. मोटार जळाली म्हणून सात-आठ वर्षं जिन्याखाली पडून होती. देवमनजींनी मोटार भरली, कार्बन बदलले, पट्टा चढवला आणि दुकानातच बटण दाबलं. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. पण पाठीवरची पिशवी कुजून चाळणी झालेली. आठ वर्षांची धूळ एका मिनिटात दुकानभर उडाली, समोरच्या पानठेल्यावरही गेली.

त्या दिवशी देवमनजी घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होऊन. हातातलं लक्तर बायकोपुढं धरून म्हणाले, "असाच झोला शिवून दे. दोन दिवसांत देतो म्हणून सांगतलं मी त्याले."

"झोलाच हाय ना? संध्याकाळपर्यंत देतो," भागीरथाबाई म्हणाल्या.

लागले तीन आठवडे. पहिली पिशवी त्यांनी गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची केली. ते कापड इतकं घट्ट की हवा बाहेर पडेना. पिशवी फुग्यासारखी टम्म झाली आणि मशीन धूळ ओढायचीच बंद झाली. दुसरी मांजरपाटाची केली, तर पिठाच्या चाळणीतून पीठ पडावं तशी धूळ बाहेर. मग त्यांनी शिवण बाजूला ठेवली, जुनं लक्तर मांडीवर घेतलं आणि ब्लेडनं एकेक टाका उसवत गेल्या. तेव्हा त्यांना कळलं की ही पिशवी ज्यानं केली तो साधा माणूस नव्हता. कापड बाहेरून ड्रिलसारखं तिरक्या विणीचं आणि आतून फलालीनसारखं लवदार. धूळ त्या लवेत अडकते आणि हवा तेवढी निघून जाते. आणि शिवण दोनदा दुमडलेली, म्हणजे सुईच्या भोकांतूनही धूळ निघायला जागा नाही.

असं कापड मिळवायला त्या अख्खा कापडबाजार फिरल्या. शेवटी ड्रिल वेगळं घेतलं, फलालीन वेगळं घेतलं, दोन्ही पाण्यातून काढून आटवलं आणि एकावर एक जोडलं. तिसरीही फसली, चौथी पिशवी लागू पडली. मॅनेजरला मशीन परत करायच्या दिवशी त्या स्वतः टॉकीजला गेल्या. दुपारचा खेळ सुटून पुढचा सुरू व्हायच्या मधे बाल्कनी रिकामी होती. त्यांनी दांडा धरला आणि मशीन एकदा पुढे ढकलली. काळपट गालिच्यावर हातभर रुंदीचा लालभडक पट्टा उमटला. त्यांनी मागे वळून देवमनजींकडे पाहिलं. देवमनजी आजही म्हणतात, "पोरगी झाली तवाबी ते एवढी खूश नोती."

पाच वर्षांनी टॉकीज बंद पडली. भंगारवाला सगळं उचलून नेत असताना मॅनेजरला आठवण झाली आणि त्यानं ती मशीन हातगाडीवर घालून तेलगोट्यांच्या दारात पाठवली. ती त्यांच्या संग्रहातली पहिली. मग चिखलदऱ्याच्या एका जुन्या बंगल्यातली आली, अमरावतीच्या एका क्लबमधली आली, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या साहेबाच्या घरची आली. भंगारवाल्यांनाही कळलं की असलं काही दिसलं की आधी तेलगोट्यांकडे न्यायचं.

आणायचं म्हणजे नुसतं उभं करायचं, हे भागीरथाबाईंना पटेना. ही कुठली, कधीची, कुणाच्या कारखान्यातली, हे कळलं पाहिजे. बहुतेक मशिनींवरची नावाची पाटी पडून गेलेली असायची, नाहीतर कुणीतरी ऑइलपेंट फासलेला असायचा. मग त्या दुसऱ्या खुणा शोधायला लागल्या. मूठ लाकडाची की बॅकेलाइटच्या कडक प्लॅस्टिकची, पुढे दिवा आहे की नाही, चाकं लोखंडी की रबरी, पट्टा चपटा की गोल. आणि सगळ्यांत आधी पिशवी. लोक दांडा बदलतात, मोटार बदलतात, रंग तर हमखास मारतात, पण पिशवीचं तोंड ज्या कड्यात बसतं त्या कड्याखाली जुन्या कापडाची एखादी चिंधी अडकून राहतेच. ती चिंधी बरंच काही सांगते. मुलगी प्रियदर्शनी शाळेत असताना तिच्या डिक्शनरीतून भागीरथाबाईंनी पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं लावली. प्रत्येक मशिनीची माहिती त्या एका जाड वहीत लिहीत गेल्या: कापड, वीण, एका इंचात टाके किती, कड्याचा घेर. प्रत्येक पिशवीचा कागदी नमुना कापून खिळ्याला टांगला. प्रियदर्शनी पुढे अकोल्याला शाळेत शिक्षिका झाली, तरी आईच्या वहीतली इंग्रजी नावं तिच्याच अक्षरात आहेत.

तर दोन हजार बावीसच्या मार्च महिन्यात वरूडहून गोपालराव बेलसरे आले. त्यांच्या संत्र्याच्या बागा, पॅकिंगचं मोठं शेड. ते शेड पाडून नवं बांधताना माळ्यावर एक उभी मशीन निघाली होती. त्यांच्या आजोबांनी एका इंग्रज इंजिनियरच्या सामानाच्या लिलावात घेतलेली. सोबत पुण्याचे किशोर देवधर होते. निवृत्त इंजिनियर, जुन्या घरगुती यंत्रांचे मोठे जाणकार; गावोगावी प्रदर्शनं भरवणारे. गोपालरावांनी मशीन त्यांना प्रदर्शनासाठी द्यायची ठरवली होती, आणि पिशवी फाटलेली म्हणून दोघं तेलगोट्यांकडे आले होते.

देवधरांनी खुर्चीत बसल्या बसल्या अकरा मशिनी पाहिल्या आणि मनापासून दाद दिली. मग गाडीतून वरूडची मशीन आणली. भागीरथाबाईंनी जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि मशीन तिच्यावर आडवी केली.

"वेनलॉक कंपनीची आहे," देवधर म्हणाले. "डोकं नक्की वेनलॉकचं. पण बाकी खिचडी झालेली दिसते. त्यांची पिशवी काळी असते, ही खाकी. आणि आत हा खिसा बघा. वेनलॉकच्या कुठल्याच मशिनीला असा खिसा नाही. माझ्याकडे त्यांच्या सगळ्या मॉडेलांचं पुस्तक आहे." त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. "इथल्याच कुण्या टेलरनं पिशवी शिवून दिलेली असणार. तशी असेल तर प्रदर्शनात लावण्यात अर्थ नाही. डोकं आणि मोटार मी दुसऱ्या मशिनीला वापरीन."

"म्हणजे मोडाची का जी?" गोपालरावांचा चेहरा उतरला. आजोबांची वस्तू त्यांनी मोठ्या हौसेनं आणली होती.

भागीरथाबाईंनी तोवर पिशवी उलटी केली होती. आत, तळाशी, तळहाताएवढा चौकोनी खिसा होता. त्यांनी नाक लावून वास घेतला. मग चष्मा कपाळावर सरकवून शिवणीवरून हळूहळू भिंग फिरवलं.

"साहेब," त्या अखेर म्हणाल्या, "हे खिचडी नाई. हे अशीच्या अशीच कारखान्यातून आली हाय."

"ते कसं काय?"

"हा खिसा पाहा. ह्याची ही कड बाजूच्या शिवणीत गेली हाय. म्हणजे आधी खिसा लावला, मंग बाजू बंद केली. मागून कोण्या टेलरनं लावला असता तं त्याले बाजू उसवा लागली असती, अन् भोकांच्या दोन रांगा दिसल्या असत्या. इथी एकच रांग हाय."

देवधरांनी वाकून भिंगातून पाहिलं. ते माणूस म्हणून सज्जन होते. दिसलेलं नाकारणारे नव्हते. पण म्हणाले, "हे बरोबर आहे. पण अख्खी पिशवीच इथल्या टेलरनं शिवली असेल, तर तोही आधी खिसा लावून मग बाजू बंद करेल. नाही का?"

भागीरथाबाईंनी पिशवी पुन्हा सरळ करायला घेतली.

"राग मानू नका," देवधर म्हणाले, "तुमच्यासारखी पिशवी मी पुण्या-मुंबईतही कुणी शिवलेली पाहिली नाही. पण शिवणं वेगळं आणि मशीन ओळखणं वेगळं. त्याला कागदपत्र लागतात, दुसरा नमुना लागतो."

देवमनजी दारात उभे होते. बायकोच्या कपाळावरची शीर उठलेली त्यांना दिसली. भागीरथाबाईंनी मात्र आवाज चढू दिला नाही. "किती दिवस देता?" एवढंच विचारलं.

देवधरांनी महिनाभर मुदत दिली. मे महिन्यात अकोल्यात प्रदर्शन होतं. त्याआधी ठरवणं भाग होतं. मशीन तोवर तेलगोट्यांकडेच राहणार होती.

पाहुणे गेल्यावर भागीरथाबाईंनी वही काढली. त्यांना तो खिसा ओळखीचा वाटला होता. पानं उलटत त्या नव्व्याण्णव सालापर्यंत मागे गेल्या आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. अकोल्याच्या एका जुन्या मिशनच्या दवाखान्यातली मशीन. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "कापड खाकी. एका इंचात अकरा टाके. आतून तळाशी लहान खिसा, डांबराच्या गोळ्यांचा वास. कोण्या टेलरनं लावला असावा. नव्या पिशवीत लावला नाही. जुनी पिशवी फेकली."

त्या वही मांडीवर ठेवून बसून राहिल्या. देवमनजींनी विचारलं, "काय झालं?"

"म्याच फेकली."

"काय?"

"पिशवी. अशीच होती, खिसेवाली. तवा मले वाटलं, कोण्यातरी अडाणी टेलरचं काम हाय. म्या सुधारून दिली." त्यांनी वही नवऱ्यापुढं सरकवली. "जे तो देवधर आज म्हणून राहिला, तेच म्या तेवीस वर्सांपूर्वी म्हणलं होतं. वरतून हातानं पुरावाबी फेकून देल्ला."

देवमनजींनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ते एवढं शिकले होते. ते म्हणाले, "वही तं पुढं पाह्य. अजून असन कुठी."

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाईंनी ग्राहकांचे ब्लाउज बाजूला ठेवले आणि वही पहिल्या पानापासून वाचली. दुपारी दोन हजार तीन सालचं एक पान सापडलं. त्यावर देवमनजींनी सांगितलेलं त्यांनी उतरवून घेतलं होतं: बाळापूर, डॉक्टरांचं घर, फक्त मोटार भरली, पिशवी चांगली आहे म्हणून बदलू दिली नाही, रंग खाकी.

"तुमाले आठवते काय हे?" त्यांनी विचारलं.

देवमनजी डोकं खाजवत म्हणाले, "डॉक्टर वारले आता. बाई हाय त्यायची, माणिकबाई. भल्ली कडक बाई. म्या पिशवी पाहतो म्हणलं तं मले म्हणे, मोटारीचं काम सांगतलं, मोटारीचंच करा."

मग काय, दोघं सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. प्रियदर्शनीनं शाळेतून रजा घेतली, मोबाइल पूर्ण चार्ज करून घेतला आणि तीही बरोबर निघाली. बाळापूरला उतरल्यावर डॉक्टरांचं घर कुणालाही विचारलं तरी सांगता येत होतं. माणिकबाई ऐंशीच्या पुढच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या, पाठीचा कणा अजून ताठ. त्यांनी तिघांना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेऊन स्पष्ट सांगितलं, "मशीन मी देणार नाही. ह्यांनी मला ती लग्नाच्या दहाव्या वर्षी आणून दिली. नागपूरला कुणा गोऱ्या डॉक्टरच्या घरची."

"देऊ नका," भागीरथाबाई म्हणाल्या. "मले नेयाची नाई. मले फक्त पिशवीच्या आतून पाह्याचं हाय."

"आतून? कशाला?"

मग भागीरथाबाईंनी सगळं सांगितलं. वरूडची मशीन, पुण्याचे साहेब, पुस्तक, आणि आपण फेकलेली पिशवी. ती शेवटची गोष्ट त्यांनी गाळली नाही. प्रियदर्शनीला वाटलं, आईनं हे एवढं परक्या बाईपुढं सांगायला नको होतं. पण तेच ऐकून माणिकबाई उठल्या. आतल्या खोलीत कोपऱ्यात वाकळीखाली झाकलेली मशीन त्यांनी स्वतः उघडी केली. "उलटी करा," त्या म्हणाल्या, "पण उसवू नका."

"टाक्यालेही हात लावत नाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

त्यांनी कड्याची पकड सैल केली, पिशवी अलगद सोडवली आणि वर्तमानपत्रावर उलटी केली. तळाशी खिसा होता. तेवढाच, तिथेच, एक कड बाजूच्या शिवणीत गेलेली. त्यांनी फूटपट्टी लावून टाके मोजले. एका इंचात अकरा. पुन्हा मोजले. अकराच. खिशात झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या दोन डांबराच्या गोळ्या होत्या.

"ह्या तुमी टाकल्या?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला टाकीन? मला खिसा आहे हेच माहीत नव्हतं. ह्यांनीच कधी टाकल्या असतील," माणिकबाई म्हणाल्या.

भागीरथाबाईंनी गोळ्या काढून बाजूला ठेवल्या, खिसा बोटांनी उघडा धरला आणि लेकीला आत मोबाइलचा उजेड टाकायला सांगितलं. खिशाच्या आतल्या कापडावर, जिथे धूळही पोचली नव्हती आणि ऊनही, निळ्या शाईचा शिक्का होता. प्रियदर्शनीनं तो वाचला. वेनलॉक कंपनीचं नाव, खाली सात आकडा आणि पुढे इंग्रजी टी.

देवमनजींनी वाकून शिक्का पाहिला. मग ते हळूच म्हणाले, "आता टेलर कोण्या गावचा, ते विचारा म्हणा त्या देवधरले."

भागीरथाबाई हसल्या नाहीत. त्यांनी शिक्क्याचे, टाक्यांचे, खिशाच्या कडेचे फोटो काढून घेतले. पिशवी होती तशी सरळ केली, कड्यात बसवली आणि गोळ्या पुन्हा खिशात ठेवल्या. निघताना माणिकबाईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढताना एकदा त्यांनी विचारलं, "बाई, हे तुम्ही शिकलात कुठं?" भागीरथाबाई घास मोडत म्हणाल्या, "उसवून उसवून."

घरी आल्यावर त्यांनी वरूडच्या पिशवीचा खिसा उघडा धरून पाहिला. तिथे पाणी लागून पसरलेला निळा डाग होता. आधीही तो दिसला होता, पण रंग लागला असेल म्हणून सोडून दिला होता. आता त्या डागात सात ओळखू येत होता.

फोटो पुण्याला गेले. देवधरांचा फोन तासाभरात आला. त्यांनी लांबण लावली नाही. "भागीरथाबाई, माझी चूक झाली," ते म्हणाले. "त्या टीचा अर्थ शोधायला हवा. मी इंग्लंडमधल्या एका संग्राहकाला लिहितो."

उत्तर यायला अडीच आठवडे लागले. त्या संग्राहकाकडे वेनलॉकच्या सुट्या भागांची एक जुनी यादी होती, दुकानदारांसाठी छापलेली. देवधरांच्या पुस्तकात ती आलेलीच नव्हती. यादीत एक ओळ होती: सात नंबरची पिशवी, टी म्हणजे ट्रॉपिकल, उष्ण आणि दमट देशांसाठी, खाकी, आत कीटकनाशक गोळ्यांचा खिसा. पावसाळ्यात मशीन बंद ठेवली की कसर लागून कापड खाल्लं जायचं, म्हणून ही सोय. अशी पिशवी असलेली मशीन त्या संग्राहकानं स्वतः कधी पाहिली नव्हती. त्यानं विचारलं होतं, ही कुणी ओळखली?

देवधर फोनवर न सांगता ते पत्र घेऊन थेट अमरावतीला आले. त्यांनी पत्राचं मराठी करून वाचून दाखवलं. भागीरथाबाईंनी ते दोनदा ऐकलं. मग त्यांनी वही काढली, नव्व्याण्णव सालच्या त्या पानावर 'कोण्या टेलरनं लावला असावा' या ओळीवर आडवी रेघ मारली, आणि बाजूला तारीख घालून लिहिलं: 'कारखान्याचाच होता. माझी चूक.' देवधर ते बघत होते. त्यांनी आपलं पुस्तक उघडलं, पेन मागितलं आणि वेनलॉकच्या पानाच्या समासात स्वतःही काहीतरी लिहिलं.

वरूडच्या मशिनीची फाटकी पिशवी बदलायची नाही असं ठरलं. भागीरथाबाईंनी ती मागून जाळीचं पातळ कापड लावून सावरली, एकही जुना टाका न हलवता. आणि प्रदर्शनात मशीन चालवून दाखवता यावी म्हणून हुबेहूब दुसरी शिवली. खाकी कापड त्यांनी चहाच्या पाण्यात आणि डाळिंबाच्या सालीत तीन वेळा रंगवलं, तेव्हा कुठे मनाजोगा रंग आला. इंचात अकरा टाके. खिसा आधी लावून मग बाजू बंद केली. आत शिक्का नाही. त्याजागी त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं आपलं नाव आणि साल काढलं, पुढे कुणी फसू नये म्हणून.

पाटीवर काय लिहायचं यावरून मात्र थोडी ओढाताण झाली. देवधरांनी मसुदा पाठवला होता: 'पिशवीची दुरुस्ती व शिलाई: भागीरथा तेलगोटे, अमरावती.' प्रियदर्शनीनं तो फोनवर वाचून दाखवला.

"त्याच्या आधी एक ओळ पायजे," भागीरथाबाई म्हणाल्या. "ओळख कोणं केली, ते."

"आई, तू सांगशील का त्यांना? मी सांगू?"

"मीच सांगतो. मले लाज कायची?"

त्यांनी सांगितलं, आणि देवधरांनी एका शब्दानं वाद घातला नाही. अकोल्यातल्या त्या हॉलमध्ये मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत प्रदर्शन उघडलं तेव्हा पाटीवर पहिली ओळ होती: 'ओळख: भागीरथा देवमन तेलगोटे, अमरावती. साहाय्य: माणिकबाई, बाळापूर.' दुसरं नाव भागीरथाबाईंनीच घालायला लावलं होतं.

गोपालराव वरूडहून सगळं घर घेऊन आले होते आणि आल्या-गेल्याला पाटी वाचून दाखवत होते. माणिकबाई नातवाच्या गाडीतून आल्या आणि मशिनीपुढे खुर्ची टाकून बसल्या. देवधरांनी ध्वनिक्षेपक भागीरथाबाईंपुढं धरला. त्यांनी कधी चार माणसांत भाषण केलेलं नव्हतं. तरी त्या उभ्या राहिल्या आणि कारखान्यातल्या त्या न पाहिलेल्या शिवणाऱ्या बाईबद्दल बोलल्या. बाईच असणार, त्या म्हणाल्या, इतकी बारीक दुमड बाईच घालते. तिला हिंदुस्थानातला पावसाळा माहीत नसेल, पण कुणीतरी तिला सांगितलं असेल की तिकडे कापडाला कसर लागते, आणि तिनं न कुरकुरता प्रत्येक पिशवीला एक खिसा जास्तीचा लावला. "तिचं काम शंभर वर्सं कोणाले दिसलं नाई. मले दिसलं. म्या एकदा फेकलं, पण दुसऱ्यांदा सोडलं नाई."

मग त्यांनी मशीन सुरू केली. हॉलमध्ये मुद्दाम एक जुना गालिचा अंथरला होता. पिशवी हवेनं भरून हळूहळू ताठ उभी राहिली, आणि समोर बसलेल्यांनी पाय वर घेतले. कुठूनही धुळीचा कण बाहेर आला नाही. गालिच्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या चालत गेल्या, वळल्या आणि शेजारचा पट्टा धरून परत आल्या. देवमनजी मोटारीच्या आवाजाकडे कान लावून उभे होते, कारण प्रदर्शनाआधी ती त्यांनी नव्यानं भरली होती. बायको बटण बंद करून बाजूला झाली तेव्हा ते पुढे झाले आणि मोटारीवर हात ठेवून पाहिला. "गरम नाई झाली," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात देवधरांच्या प्रदर्शनासोबत ती मशीन चार जिल्ह्यांत फिरली. त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा वेनलॉकच्या प्रकरणात दोन पानं वाढली, आणि त्यात भागीरथाबाईंनी काढून दिलेला पिशवीचा कागदी नमुना मापांसकट छापला. पुस्तक इंग्रजीत आहे. दुकानात नवी बाई आली आणि तिनं भिंतीकडे बघून काही विचारलं, तर भागीरथाबाई ते पान उघडून तिच्यापुढं ठेवतात, आपल्या नावावर बोट ठेवतात आणि मग विचारतात, "गळा किती खोल ठेवू?"